काठ दुमडलेले लंगोट

आषाढ वद्य चतुर्थी, १९५१. दुपार. बाळंतिणीची खोली.

हजर : सासूबाई. गावची सुईण. मी. बाळ, वय अकरा दिवस.

गैरहजर : थोरल्या जाऊबाई. त्या भाताच्या लावणीला खाचरात गेल्या होत्या. घरातले पुरुषही तिकडेच.

जाऊबाई घरात नसताना त्या दुपारी जे झालं ते त्यांच्याविषयीच होतं, म्हणून गैरहजेरीही लिहून ठेवली.

माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि हे पहिलं मूल. आई लहानपणीच गेली, वडील पौडला शाळामास्तर, त्यामुळे माहेरी बाळंतपण करायला कोणी बाई नव्हती. बाळंतपण सासरीच झालं, आणि ते केलं जाऊबाईंनी. मी त्यांना आक्का म्हणायची. आक्कांची दोन मुलं गेली होती. एक तीन महिन्यांचं होऊन, दुसरं सहाव्या दिवशी. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

आमच्याकडे मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. पाचवी पुजेपर्यंत ते जुन्या धोतरात गुंडाळलेलं असतं. पाचवी झाली तशी आक्कांनी सुई घेतली. सकाळी शेतावर जाण्याआधी आणि दिवेलागणीला परत आल्यावर, चिखलाचे पाय धुऊन, त्या ओटीवर शिवायला बसत. सासूबाईंचं मऊ झालेलं एक लुगडं आणि मामंजींची दोन धोतरं फाडून त्यांनी सहा दिवसांत शिवलं ते असं : लंगोट अठरा, झबली सात, टोपडी चार, कुंची एक. कुंचीला मागे लुगड्याचा हिरवा काठ लावला होता.

घरात मूल आल्यापासून आक्का बोलायला लागल्या होत्या. आधीची चार-पाच वर्षं त्या कामापुरतंच बोलत. आता बाळाला मांडीवर घेऊन म्हणत, "काय रं पुंड्या, तुज्या आयशीला न्हाई येत असलं काई. मास्तराची लेक ती, नुसतं वाचाय येतं तिला." मी हसायची. बारशाला ही कुंची आपण आपल्या हातानं घालणार, असं त्यांनी दहाव्या दिवशी मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. मी बरं म्हटलं.

अकराव्या दिवशी दुपारी सुईण बाळाला न्हाऊ घालायला आली. न्हाणं झालं, शेक झाला. झबलं घालताना तिनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि सासूबाईंना विचारलं, "हे कुनी शिवलं?"

"थोरलीनं."

"समदं?"

"समदं."

सुईणीनं झबलं खाली ठेवलं. "म्हातारे, तुला डोळं न्हाईत ते न्हाईत, अक्कल बी गेली व्हय? जिच्या हातात दोन पोरं ऱ्हायली न्हाईत तिच्या हाताचं घालून ह्याला पाळन्यात घालनार उद्या?"

सासूबाई घाबरल्या. पण घरात दुसरं मऊ कापड नव्हतं, आणि कोऱ्या कापडात इतक्या लहान मुलाला घालत नाहीत. तसं त्यांनी म्हटलं. सुईणीकडे उत्तर तयार होतं. कापडाला दोष नाही, ते घरच्या लेकुरवाळीचं लुगडं आहे, दोष हाताला. दोरा तेवढा काढा, शेगडीत जाळा, आणि आईनं तेच परत शिवावं.

दोघींनी माझ्याकडे बघितलं.

मी सातवी पास होते. हे मला पटलं नाही. नऊ वर्षांनी झालेल्या मुलाची भीती वाटली हे खरं. पण आणखी एक गोष्ट खरी आहे. बाळ माझ्याकडे रडायचं आणि आक्कांच्या मांडीवर गप्प व्हायचं. येणारी-जाणारी बाई झबली बघून आक्कांचं कौतुक करायची. दोरा काढायचा म्हटल्यावर मला कुठंतरी बरं वाटलं. आणि शाळेत शिवणाच्या तासाला माझा पहिला नंबर होता.

सासूबाईंना उसवणं जमण्यासारखं नव्हतं. डोळ्यांत सारा आलेला, सुईत दोराही आक्काच ओवून द्यायच्या. मीच कात्री घेतली. आधी कुंची, कारण ती दुसऱ्या दिवशी लागणार. मग झबली, मग लंगोटांच्या नाड्या. आक्कांनी दोरा धोतराच्या सुतातूनच काढलेला होता. तो शेगडीत टाकला की नुसता एक लाल वळसा दिसायचा आणि जायचा.

मग मी शिवायला घेतलं, आणि शाळेत शिकवलं तसं नीट शिवलं. आक्कांनी झबल्यांची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवली होती; मी ती आत घेतली. त्यांनी लंगोटांचे काठ फाडले तसे सुटे सोडले होते, कडेला दशा लोंबत होत्या. मला ते गबाळं वाटत होतंच. मी प्रत्येक काठ दोनदा दुमडून बारीक तुरपाई घातली. बारशाच्या सकाळपर्यंत कुंची, दोन झबली आणि सहा लंगोट झाले. उरलेलं पुढच्या आठवड्यात केलं, आक्का शेतावर असताना. दिवेलागणीला त्या बाळाला घेत तेव्हा ते दुपट्यात गुंडाळलेलं असे, म्हणून शिवण त्यांच्या नजरेला आली नाही.

बारशाला कुंची सासूबाईंनी घातली. "माजा नातू हाय, मी घालते," एवढंच म्हणाल्या. आक्का पाळण्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी पाळण्याची दोरी धरली आणि सोडून दिली. मग आत जाऊन घुगऱ्या वाटायला घेतल्या.

मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. महिना महिना ऊन नसतं. लहान मुलाचे कपडे वाळवायची आमची रीत अशी : शेगडीत निखारे, त्यावर पालथी टोपली, टोपलीवर लंगोट. मधूनमधून उलटायचे. मी वेळा ठरवून घेतल्या होत्या, दर दोन तासांनी सहा लंगोट. मधलं कापड हाताला गरम, कोरडं लागे. मी घडी करून ठेवत असे.

श्रावण लागला आणि बाळाच्या जांघा लाल झाल्या. मग काखा. चार दिवसांत कातडी सोलवटून पाणी सुटायला लागलं. बाळ दिवसभर रडे, दूध ओढेना. सुईणीनं दृष्ट काढली, खोबरेल लावलं, माझं आंबट बंद केलं. मग म्हणाली, "थोरलीला पोराला शिवू देऊ नगा." त्या दिवसापासून आक्कांच्या मांडीवरून बाळ काढून घेतलं. आक्कांनी दिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शेतावरून आल्या. बाळ ओरडत होतं. सासूबाई चुलीशी, मी बाळाला घेऊन शेगडीशी. आक्कांनी इरलं कोपऱ्यात टेकवलं, टोपलीवरचा एक लंगोट उचलला आणि त्याचा काठ दोन बोटांत दाबला. मग गालाला लावला.

"हे वलं हाय."

मी म्हटलं, "आत्ताच काढणार होते, वाळलाय तो."

"मधी वाळलाय. काठ वला हाय. ह्यो असाच बांदता व्हय लेकराला?" त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. "ह्येला दुमड कुनी घातली? मी काठ सुटं ठेवलं व्हतं. पावसाचं सुटंच ठेवायचं असतंय, न्हाई तर पानी दुमडीत बसतंय." मग बाळाच्या झबल्याची बाही उलटून बघितली. "ही शिवन बी माजी न्हाई."

चुलीकडून सासूबाई म्हणाल्या, "हात बदलाय पायजे व्हता. बदलला."

"कुनी?"

"मी. मी उसवलं."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आत्याबाई, भाकरीत खडा दिसत न्हाई तुमास्नी."

"मी म्हनते ना, मी."

मग आक्का माझ्याकडे वळल्या. रागानं नाही. त्या थांबल्या होत्या. मी म्हणेन म्हणून थांबल्या होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. एक वाक्य होतं. बाळ रडत होतं, म्हणून सुचलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. मी म्हटलं, "आक्का, टोपली बघा, खालचा लंगोट करपतोय."

त्यांनी टोपली बाजूला केली. मग भिंतीला टेकून बसल्या आणि एकेका लंगोटाची तुरपाई दातांनी तोडून काठ मोकळे केले. अठराही. झबली नुसती उलटी केली, म्हणजे शिवण बाहेर आली. त्याला दोराही लागला नाही. आठ दिवसांत बाळाची कातडी भरून आली.

त्यानंतर आक्कांनी आमच्या घरात सुई हातात घेतली नाही. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी मला न्हाऊ-माखू घातलं, शेक दिला, सगळं केलं. कापडं मी पुढ्यात ठेवली तर म्हणाल्या, "तुला येतंय की आता." गोधड्या फाटल्या तर पिरंगुटच्या बाईकडून शिवून आणायला लागल्या. सासूबाईंशी त्या तुटक वागल्या, अखेरपर्यंत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत. म्हातारी मला एकदाच म्हणाली, "माजं काय, आज हाय उद्या न्हाई. तुमाला दोगींला एका चुलीवर ऱ्हायचं हाय. म्हून मी घेतलं अंगावर." तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर एका चुलीवर आम्ही राहिलोच नाही. वाटण्या झाल्या आणि आक्का थोरल्या भाऊजींसह घोटावड्याला माहेरच्या जागेत राहायला गेल्या.

मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. त्याला यातलं काही माहीत नाही.

मागच्या आठवड्यात पिरंगुटच्या बाजारात आक्का भेटल्या. केस पिकलेत, डोळ्यांत सारा आलाय. हातात वांग्यांची पिशवी होती. म्हणाल्या, "पोरगं बरं हाय?"

"बरं आहे. उंच झालंय."

"आन् तू?"

मी म्हटलं, बरी आहे. गाडीला अजून अवकाश होता. आम्ही वडाखाली बसलो. त्यांनी भाताचं विचारलं, मी भाऊजींच्या गुडघ्यांचं विचारलं. मग त्या एकदम म्हणाल्या, "म्हातारीशी मी वंगाळ वागले. मेली ती, आता काय." आणि थांबल्या.

मी पिशवीतली वांगी नीट लावली. देठ टोचत होते. घोटावड्याची गाडी आली, मी त्यांना हात देऊन चढवलं, पिशवी खिडकीतून आत दिली.

मी उसवलं, हे त्यांना सांगायचं आहे. माझ्याकडून घोटावडं गाडीनं दोन तासांवर आहे. या आठवड्यात सोमवारी दळण झालं, मंगळवारी विहिरीवरची चादरी-पांघरुणं झाली, बुधवारी मुलाच्या शाळेत जाऊन आले. घोटावड्याला अजून गेलेले नाही.