उमरेडचे डबे, आखातातलं जहाज

जहाजावर पोस्टिंग निघाली तेव्हा पलटण पोट धरधरून हसली. आम्ही नागपूरकडचे, पाणी पाहिलं ते अंबाझरीच्या तलावाचं! सहा शिपाई, मी नायक. इराणच्या आखातातली मालवाहू स्टीमर. काम एकच: लुटारू वर चढू द्यायचे नाहीत.

इशाऱ्यासाठी वाफेचा भोंगा होता. पण नांगर टाकून बॉयलर थंडावला की भोंगा मुका. लुटारूंना हे पाठ होतं.

लान्स नायक गणपत उमरेडचा. तो म्हणाला, "नायकसाब, वावरात डुकरं आले तं आम्ही भोंगा वाजवतो का? दोरी ताणतो, डबे टांगतो."

रसोड्यातले तुपाचे रिकामे डबे कठड्याभोवती टांगले. वावर डोलत नाही, जहाज डोलतं, हे मात्र एकाच्याही टाळक्यात आलं नाही. रात्रभर खणखणाट! कॅप्टनसाहेब टॉवेलवर बाहेर. आम्ही रायफली रोखून रिकाम्या समुद्राकडे पाहत उभे.

"पुन्हा उगाच वाजलं तर डबे पाण्यात," साहेब गणपतवर गरजले, "आणि पलटणीला लिहून तुझी बाहीवरची फीत उतरवीन."

लान्स नायकाची ती फीत लागून तीनच आठवडे झाले होते. "बापाले पत्र धाडलं ना गा मी," गणपत रडकुंडीला आला.

पण गडी हटला नाही. प्रत्येक डबा कच्च्या सुतळीनं कठड्याला आवळला, म्हणजे लोंबणार नाही, आणि दोरी त्या सुतळीतून ओवली. डोलण्यानं सुतळी तुटत नव्हती. दोरीवर माणसाचं वजन पडलं तरच तुटणार आणि डबा लोखंडी डेकवर आपटणार.

तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहा. दाट धुकं, जहाज नांगरावर. मागच्या टोकाला गणपतचा पहारा. धाडकन एक डबा पडला.

"हुकुमदार!" गणपतनं 'कोण येतंय' विचारणारी पहारेकऱ्याची हाळी दिली. 'दोस्त' असं उत्तर आलं नाही.

सुतळी कुजली असेल, असं मला वाटलं. "गणपत, पक्कं का? फीत जाईन गा!"

"जाऊ द्या! डुक्कर आहे, नायकसाब! उठवा सगळ्यायले!" आणि डबा बडवत सुटला.

"स्टँड टू!" मी ओरडलो, तसे सगळे रायफली घेऊन धावले.

कठड्यात दोन लोखंडी आकडे रुतले होते, खाली दोरांवर माणसं लोंबत होती. गणपतनं दोन्ही दोर कापले. धपाधप पाण्यात! आम्ही फैरी झाडल्या, होडी पळाली. सहाला पाच मिनिटं कमी असताना सगळं आटोपलं. पण जाताजाता धुक्यातून एक गोळी आली. ती गणपतला लागली.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"फीत राहिली ना गा?"

"राहिली."

तो हसला आणि तसाच गेला. मला रडू आवरलं नाही.

कॅप्टनसाहेबांनी बसऱ्यापर्यंत एकही डबा काढू दिला नाही.

पेन्शनीत आल्यापासून ज्वारी भरली की मी उमरेडला जातो, त्याच्या बापाला दोरी ताणून देतो. म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. सुट्टीवर आलेल्या गणपतनं त्याला पहाऱ्याची हाळी शिकवली होती. मी मुद्दामच दोरीला धक्का देतो. डबे वाजतात.

"हुकुमदार!" म्हातारा मचाणावरून ओरडतो.

"दोस्त!" मी म्हणतो.

"मंग ये गा, भाकर खा."