गाडग्यात मुरलेली चरबी

परतूरच्या बाजारात मी एका बाईचं बोलणं हसण्यावारी नेलं, आणि तेही ती खरं बोलत असताना. मी इतिहासाचा शिक्षक. त्या दिवशी माझे विद्यार्थी सोबत होते.

ती गाडगी विकायची. प्रत्येक गाडग्याला टिचकी मारून, कान लावून मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. मी मुलांना सांगत होतो, की माणूस शेती करू लागला आणि धान्य साठवायला त्यानं मातीची भांडी घडवली. ती मध्येच म्हणाली, "धान्य तर कणगीत बी ऱ्हातं, सर. गाडगं लागतं ते कालवण शिजवायला. मासळीचं गाडगं कितीबी धुवा, चरबी मातीत मुरतीच."

"मावशी, तुम्ही गाडगी विका. इतिहास माझ्याकडं राहू द्या."

मुलं हसली. ती मान खाली घालून गाडगी पुसू लागली.

पुढं महिन्याभरानं वाचनात आलं, की थंड प्रदेशातले शिकारी लोक शेतीच्या हजारो वर्षं आधी मडक्यांत मासे शिजवत होते. संशोधकांना ते कळलं खापरांत मुरलेल्या चरबीवरून.

वर्गात मी धडा दुरुस्त केला. तिची खाली गेलेली मान मात्र तशीच डोळ्यांसमोर राहिली. तिच्यापुढं जायचं धाडस होईपर्यंत तीन बाजार गेले. शेवटी त्याच मुलांना घेऊन गेलो.

"आज काय शिकवून राह्यले, सर?" तिनं विचारलं.

"मावशी, तुमचं बरोबर होतं. मला माहीत नव्हतं, तरी मी या मुलांसमोर तुम्हाला गप्प केलं. मला माफ करा."