पंधरा मिनिटं कोणी ठरवली?

ऑफिसात तिला सगळे ‘सावकाशताई’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. चहाचा कप संपवायला तिला अर्धा तास लागे. कोणी घाईचं काम घेऊन आलं की ती आधी चष्मा पुसत बसे. पण तिनं हात लावलेली वेबसाइट पुन्हा बिघडून परत आली, असं तेवीस वर्षांत दोनदाच झालं होतं. ही गोष्ट तिसऱ्या वेळेची.

टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. शहराच्या चार वेबसाइट तिथून चालत: पेन्शनच्या अर्जांची, दवाखान्यात नंबर लावायची, ग्रंथालयाची आणि पाण्याच्या तक्रारींची. प्रत्येकीची सेटिंगची एक छोटी फाइल, आणि चौघींची मिळून एक आईफाइल. नियम साधा होता. मुलीच्या फाइलीत जे लिहिलेलं नाही ते आईकडून घ्यायचं. आईकडेही नसेल, तर ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार सांगाड्यावर, हे सगळं उभं होतं, त्याच्या घरची जी रीत असेल ती चालवायची. वेबसाइटचा हा विभाग ताईकडे होता; आईफाइल तिच्या आधीच्या विभागप्रमुखांनी लिहिली होती. त्यांना ऑफिसात ‘थोरले’ म्हणत. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती.

एका मंगळवारी सकाळी एक म्हातारे शिंपी जिना चढून आले. दम खात ते ताईच्या टेबलासमोर उभे राहिले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून ठेवला.

“चारदा भरला अर्ज,” ते म्हणाले. “चारही वेळा शेवटाला आलो की तुमचं मशीन म्हणतं, ‘आपली वेळ संपली आहे.’ अहो, या वयात माणसाला असं तोंडावर सांगतात का?”

ताई हसली. मग तिनं त्यांना आपल्याच खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “काका, पाचव्यांदा भरा. मी मधे बोलणार नाही, नुसती बघते.”

शिंप्यांनी दोन बोटांनी टाइप करायला सुरुवात केली. उजवा हात थरथरत होता, म्हणून डाव्यानं तो धरायचा आणि मग की दाबायची. पहिली दोन पानं ठीक गेली. तिसऱ्या पानावर आजवर जिथे जिथे काम केलं त्या सगळ्या जागा तारखांसह लिहायच्या होत्या. त्यांनी अकरा दुकानांत शिवणकाम केलं होतं. एकेक कागद उलगडायचा, तारीख शोधायची, लिहायची, पुन्हा घडी घालून ठेवायचा. अकरावं दुकान लिहून त्यांनी ‘पुढे’ दाबलं, आणि पान कोरं झालं. वर तेच वाक्य. ताईनं घड्याळ पाहिलं. त्या एका पानावर त्यांना बावीस मिनिटं लागली होती.

“बघा,” शिंपी म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपण खोटं बोलत नव्हतो, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

ताईनं पेन्शनची फाइल उघडली. नऊ ओळी. वेळेचं त्यात काही नव्हतं. आईफाइल उघडली, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. तिथेही काही नाही. शेवटी फ्रेमवर्कच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ती ओळ सापडली: काही हालचाल नसेल, तर पंधरा मिनिटांनी माणसाला बाहेर काढा. ‘पुढे’ दाबणं हीच त्याच्या लेखी हालचाल; नुसतं टाइप करणं हिशेबात नव्हतं.

तिनं थोरल्यांना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येई.

“पंधरा मिनिटं तुम्ही ठरवली होती का?”

“कुठली मिनिटं?”

तिनं मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. ऑफिसातली बाकीची माणसं काम थांबवून ऐकू लागली.

“मी नाही ठरवली,” थोरले म्हणाले. “ती आधीपासून तशीच असणार. चालत होतं ना? मग कशाला हात लावायचा?”

म्हणजे वेबसाइट सुरू झाल्यापासून सोळा वर्षं हजारो माणसं ज्या नियमानं बाहेर फेकली जात होती, तो या शहरात कोणीच केलेला नव्हता.

ताईनं त्याच दुपारी आईफाइलीत एक ओळ लिहिली: एक तास. पेन्शनच्या फाइलीतही लिहिता आली असती, हे तिला माहीत होतं. पण तिला वाटलं, हळू हात काय फक्त पेन्शनवाल्यांचेच असतात? दवाखान्यात नंबर लावणारे, नळाची तक्रार करणारे, सगळ्यांनाच सवड मिळू दे. चार ठिकाणी लिहिण्यापेक्षा एका ठिकाणी लिहिलं की काम झालं. तिनं ती ओळ पेन्शनच्या वेबसाइटवर तपासून पाहिली, आणि तेवीस वर्षांत क्वचितच केलं असेल असं काहीतरी केलं: बाकीच्या तीन उघडूनही पाहिल्या नाहीत. शिंप्यांचा अर्ज गुरुवारी गेला. त्यांनी फोन करून सांगितलं, तेव्हा ताई दिवसभर खुशीत होती.

नवव्या दिवशी ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी तिला आत बोलावलं. समोर एक शिक्षिका बसली होती, तिशीतली, हातात रुमाल घट्ट धरलेला.

झालं होतं ते असं. शिक्षिकेनं शाळेच्या मधल्या सुटीत ग्रंथालयातल्या सार्वजनिक कॉम्प्युटरवरून दवाखान्याची वेबसाइट उघडली, आपली पुढची तारीख पाहिली, आणि तासाची वेळ झाली म्हणून घाईत उठली. बाहेर पडायचं बटण दाबायचं राहिलं. पस्तीस मिनिटांनी त्याच खुर्चीवर तिच्याच शाळेतली दुसरी शिक्षिका येऊन बसली. पान उघडंच होतं. वर नाव, खाली मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांच्या सात तारखा. ती बाई वाईट नव्हती. तिनं स्टाफरूममध्ये प्रेमानंच, पण सगळ्यांदेखत विचारलं, “अगं, डॉक्टर काय म्हणाले?” संध्याकाळपर्यंत गोष्ट सासूच्या कानावर गेली. घरात हे फक्त नवऱ्याला माहीत होतं.

“चूक माझीही आहे,” शिक्षिका म्हणाली. “पण ग्रंथालयातल्या माणसानं सांगितलं, पूर्वी ते पान आपोआप बंद व्हायचं. आता का नाही झालं?”

ताई काही बोलायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, “आम्ही चौकशी करून कळवतो.”

शिक्षिका गेल्यावर मॅडमनी दार लावून घेतलं. “हे बघ, आईफाइल थोरल्यांची. पत्रात लिहू, जुन्या रचनेतला दोष होता, आता दूर केला. खोटं म्हणता येणार नाही आणि कोणाच्या अंगाशीही येणार नाही.”

“ओळ माझी आहे,” ताई म्हणाली.

“अगं, ते निवृत्त झालेत. त्यांचं काय बिघडणार आहे?”

ताईनं जागेवर येऊन ती ओळ आईफाइलीतून काढली आणि पेन्शनच्या फाइलीत लिहिली. दोन मिनिटांचं काम. घरी ती मोठ्या बहिणीबरोबर राहत असे. बहीण इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. जेवताना ताईनं तिला सगळं सांगितलं.

“म्हणजे एकाला घट्ट होतो म्हणून सगळ्यांचेच सदरे उसवलेस तू,” बहीण म्हणाली. “मग आता?”

“आता पत्राखाली माझी सही.”

थोरल्यांच्या कानावर हे कुठून तरी गेलं. त्यांनी आपणहून फोन केला. “टाका माझ्या नावावर. माझी आता कसली बढती अडणार आहे?”

“तुम्ही हात लावला नव्हता,” ताई ओरडून म्हणाली. “मी लावला.”

पत्रात तिनं चार वाक्यं लिहिली: काय बदललं, कोणत्या तारखेला, कोणी, आणि बाकीच्या वेबसाइट तपासल्या नाहीत. खाली स्वतःची सही. मॅडमनी ते पत्र दोन दिवस ठेवून घेतलं आणि मग पाठवलं. महिन्याभरात विभागाची जबाबदारी ताईकडून काढून दुसऱ्याकडे देण्यात आली. टेबल तेच राहिलं, फक्त दारावरची पाटी बदलली.

त्यानंतर तिनं एक काम हाती घेतलं, जे तिला कोणी सांगितलं नव्हतं. फ्रेमवर्ककडून आपोआप येणाऱ्या, या शहरात कोणी कधी न ठरवलेल्या सेटिंगची तिनं यादी केली. दोनशे बारा निघाल्या. एकेक घेऊन ती दवाखान्यातल्या नर्सकडे, ग्रंथपालाकडे, पाणी खात्यातल्या कारकुनाकडे जाई आणि विचारी, “हे असं आहे. तुम्हाला असंच हवंय का?” बहुतेक जण आधी वैतागत. “तुम्हीच ठरवा ना, ताई.” ती म्हणे, “मी एकदा ठरवलं होतं,” आणि बसून राही. या कामाला चौदा महिने लागले. दोनशे बारांपैकी एकशे सत्तर जशाच्या तशा राहिल्या, पण आता प्रत्येकीपुढे ती कोणी मान्य केली त्याचं नाव होतं.

शिक्षिकेनं पुढच्या वर्षी शाळा बदलली. ऑफिसच्या पत्राखेरीज ताईनं तिला एक स्वतःच्या हातानं लिहून पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. ताईनं दुसरं लिहिलं नाही.