तुंबलेला वॉल

सायकली दुरुस्त करणाऱ्या तात्यांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. मास्तरीणबाईंच्या सायकलचा हवा भरायचा वॉल तिसऱ्यांदा तुंबला. पंप मारून मारून छातीचा भाता झाला, तरी चाकात हवा जाईना, तेव्हा त्यांनी समोरच्या दुकानातल्या सायकलवाल्याकडे बघून डोळे वटारले.

“मी जेवायला बसलो की हा लबाड येऊन यात काहीतरी कोंबतो!”

त्यांनी वॉल उघडला. आतली रबरी नळी फुगून भोकाला चिकटली होती. डबा घेऊन आलेल्या बायकोने ती हुंगली.

“अहो, हिला तेल लागलंय. तेलाने रबर फुगतं, हे तुम्हीच सांगता ना?”

नळी पटकन चढावी म्हणून दर वेळी तेलाचं बोट तात्यांनीच फिरवलं होतं. मग त्यांनी तेलाची बाटली उचलली आणि उन्हात धरून निरखली.

“बघ! त्याने ह्यातच काहीतरी कालवलंय.”