खड्ड्यातले धाकटे

रायफलच्या रेंजवर तेव्हा दोन जगं असायची, एक वरचं आणि एक खालचं. वरच्या जगात नेमबाज: त्यांच्या चटया, दुर्बिणी, वाऱ्याच्या झेंड्या, आणि गोळी चुकली की सांगायला तयार असलेली कारणं. खालचं जग तिथून जवळजवळ किलोमीटरभर लांब, मातीच्या जाड बांधाआड खोदलेल्या लांबट खड्ड्यात. दोघा भावांतले धाकटे त्या खालच्या जगातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथं काढली, आणि काय करता म्हणून कुणी विचारलं तर सांगायचे, 'लोकांची भोकं बुजवतो.'

खोटं नव्हतं ते. डोक्यावरून गोळी कडाडली की साखळी ओढून टार्गेटची चौकट खड्ड्यात उतरवायची, भोक शोधून त्यात नारिंगी चकती खोचायची, आधीच्या भोकावर कागदाची टिकली डकवायची आणि चौकट पुन्हा वर चढवायची. वरचा माणूस दुर्बिणीतून चकती बघणार, मनातल्या मनात हिशेब करणार आणि पुढची गोळी मारणार. टार्गेटला लागलीच नाही, तर लाल पाटी त्याच्यासमोर आडवी फिरवायची. ही पाटी फिरवताना धाकट्यांचा चेहरा कसा खुलायचा हे वरच्यांना कधी दिसलं नाही, आणि दिसलं नाही तेच बरं.

नेम धरायला दोघा भावांना वडिलांनीच शिकवलं होतं. घरात रायफल एकच. थोरल्यांचा डोळा तेज, त्यांचा हात धरणारं त्या वयात कुणी नव्हतं. वडील धाकट्यांना म्हणाले, "तू यंदा खड्ड्यात जा. पुढच्या वर्षी तुझी पाळी." पुढचं वर्ष दरवर्षी पुढेच सरकत राहिलं. धाकट्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण खड्डा त्यांना आवडायला लागला होता. कितीही ऊन असलं तरी बांधाच्या सावलीत गारवा असायचा. बाकावर मार्करांची, म्हणजे भोकं दाखवणाऱ्यांची, रांग, थर्मासमधला चहा, टवाळी, आणि मधेच कडाड! की सगळे साखळ्यांना झोंबणार. थंडीत हात काकडायचे, डिंकाने बोटं चिकट व्हायची, घरी बायको म्हणायची, "आधी हात धुवा, मग दाराला हात लावा." एवढं सगळं करून ते पुढच्या रविवारची वाट बघायचे.

मग वडील गेले, आणि वर्षभरात थोरल्यांनी त्यांची रायफल विकून नवी घेतली. जुनीचा नेम ढिला झाला होता, हे धाकट्यांनाही ठाऊक होतं. पण निदान विचारायचं तरी! ते तणतणत जिना चढून थोरल्यांकडे गेले. थोरल्यांच्या नाकावर राग कायमच असायचा. ते म्हणाले, "तुला काय करायची होती? तू खड्ड्यातला माणूस."

धाकटे तसेच जिना उतरले. त्या दिवसापासून दोघांत अबोला.

घर एकच. थोरले वरच्या मजल्यावर, धाकटे खालच्या, म्हणजे रेंजवरची व्यवस्था घरीही तशीच. बायका मात्र बोलायच्या, भाज्यांच्या वाट्या जिन्यावरून खाली-वर व्हायच्या. थोरले जिन्यातून मोठ्याने म्हणायचे, "कुणीतरी सायकल मधे लावलीय वाटतं." धाकटे आतून बायकोला मोठ्याने सांगायचे, "ज्याला जायचं त्याला जाता येतंय म्हणावं." वहिनी म्हणायच्या, "दोघांना एका पिशवीत घालून धुवायला टाकलं पाहिजे."

अशी बरीच वर्षं गेली. मुलांची लग्नं झाली, फोटोत दोघं दोन टोकांना उभे राहिले. पण रविवारी मात्र दोघं बोलायचे. म्हणजे टार्गेटवरून बोलायचे. थोरले नेहमी चार नंबरचं टार्गेट मागून घ्यायचे. तिथं वारा बरा असतो, असं त्यांचं म्हणणं. वारा काही नंबर बघून वाहत नाही, पण धाकटे कायम चारवर असायचे आणि सगळ्या रेंजला हे ठाऊक होतं. कडाड झालं की धाकट्यांना न बघताच कळायचं, ही दादाची. थोरले वारा थांबून झेंड्या पडायची वाट बघत बसायचे आणि मग एक मारून, चौकट वर येताच लगेच दुसरी मारायचे. दहाला, म्हणजे अगदी मधोमध, लागली की धाकटे चौकट अशी झरकन वर चढवायचे की साखळी खणखणायची. आठला लागली की सावकाश, जरा तोंड फिरवल्यासारखी. थोरल्यांना ते बरोबर कळायचं. दुसऱ्या दिवशी जिन्यात ते जरा जोरात खाकरले, की धाकटे समजायचे, पोचलं.

आणि मग क्लबने इलेक्ट्रॉनिक टार्गेटं आणली.

चौकटीच्या चारी कोपऱ्यांत एकेक मायक्रोफोन. गोळी जाताना जो आवाज करते तो चौघांना किंचित मागेपुढे ऐकू येतो, त्यावरून गोळी कुठून गेली हे यंत्र ठरवतं आणि नेमबाजाशेजारच्या स्क्रीनवर ठिपका उमटवतं. मागोमाग आकडाही. हे सगळं पापणी लवायच्या आत. सेक्रेटरी हौशी माणूस, त्याने सगळ्यांना गोळा करून समजावलं आणि शेवटी म्हणाला, "आता खाली कुणी बसायला नको. चौकट वर-खाली करायची भानगडच गेली."

बाकीचे मार्कर सुटल्यासारखे हसले. पाठी सगळ्यांच्याच धरल्या होत्या. धाकटे मात्र हसले नाहीत. पोटापाण्याचा प्रश्न नव्हता, मुलगा कमावता होता. पण दादाशी बोलायची तेवढी एकच वाट होती, आणि ती हा माणूस हसत हसत बंद करत होता. त्या संध्याकाळी ते एकटेच खड्ड्यात जाऊन बसले. बाक होतं, डिंकाचा डबा होता, वर साखळ्या लोंबत होत्या. त्यांना रडू आलं.

सेक्रेटरीने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. "काका, आता वर या. प्रत्येक नेमबाजाच्या बाजूला स्क्रीन घेऊन एक माणूस लागतो. आकडा मोठ्याने सांगायचा आणि लिहायचा. तुम्ही चारलाच बसा, तुमचा चारच ना नेहमीचा?" बिचाऱ्याला घरातलं काही माहीत नव्हतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. धाकटे हो म्हणाले.

म्हणून मोसमातल्या पहिल्या स्पर्धेला धाकटे लहानपणानंतर प्रथमच गोळीच्या मागच्या बाजूला बसले, हातभर अंतरावर दादा. दादा चटईवर पालथे पडले होते. मानेवरचे केस पांढरे झालेले, कोपर टेकताना तोंडातून बारीकसं 'आई गं' निघालेलं. धाकटे बघतच राहिले. या माणसाची एकेक गोळी त्यांना पाठ होती, पण हा माणूस इतका म्हातारा कधी झाला?

आकडा मोठ्याने सांगायचा होता. पहिली गोळी सुटली, स्क्रीनवर नऊ आला. धाकट्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांनी पहिला शब्द 'नऊ'? जीभच वळेना. त्यांनी स्क्रीन दादांकडे सरकवली आणि बोट ठेवलं. दादांनी बघितलं आणि पुढची भरली. दुसरी, तिसरी, चौथी अशीच गेली. मिठाची गुळणी धरून दोघांचं काम चाललं होतं.

मग वारा फिरला. झेंड्या एकदम उलट्या झाल्या, शेजारचे नेमबाज कुरकुरायला लागले. थोरल्यांनी डोळा दुर्बिणीला लावला आणि जागचे हलेनात. बऱ्याच वेळाने रायफल खांद्याला लावून त्यांनी गोळी मारली आणि पुन्हा डोळा दुर्बिणीला. स्क्रीनवर नऊ आला. धाकट्यांनी स्क्रीन सरकवली. थोरले बघेनात. धाकट्यांनी स्क्रीनवर टिचकी मारली, तरी बघेनात. थोरले दुर्बिणीतून टार्गेटकडे बघत होते आणि वाट पाहत होते.

कशाची, ते धाकट्यांना आधी कळेना. मग एकदम कळलं. टार्गेट खाली जाण्याची! जन्मभराची सवय. गोळी मारली की टार्गेट खाली जातं, खाली कुणीतरी भोक शोधतो, चकती लावून वर चढवतो. वाऱ्याच्या नादात थोरले सगळं नवं विसरून गेले होते. आणि इकडे ठरलेला वेळ संपत चालला होता. गोळ्या शिल्लक राहिल्या तर शून्य पडणार, आणि डॉक्टरांनी खांदा तपासून सांगितलं होतं, हा मोसम शेवटचा. हे वहिनींनी भाजीच्या वाटीबरोबर खाली कळवलं होतं.

धाकटे पुढे वाकले.

"दादा," ते म्हणाले. "नऊ आहे. टार्गेट आता खाली जात नाही."

थोरल्यांनी डोळा दुर्बिणीवरून काढला. एकदा लांब बांधाकडे बघितलं, एकदा शेजारी बसलेल्या भावाकडे.

"मला वाटलं, तू शोधतोयस," ते म्हणाले.

मग थोरल्यांनी स्क्रीन उचलली आणि भावाच्या मांडीवर पालथी ठेवली. "मला नाही त्यातलं वाचता येत. तू सांगत जा."

पेपरातल्या मुंगीएवढ्या जाहिराती बिनचष्म्याने वाचणारा माणूस! धाकट्यांनी स्क्रीन उलटी करून स्वतःकडे धरली आणि डोळे पुसले, कारण आकडा नीट दिसायला हवा होता.

वेळ थोडाच उरला होता. थोरल्यांनी झेंड्या पडू दिल्या आणि मारली.

"दहा," धाकटे म्हणाले. "जरा डावीकडे."

"किती?"

"दहा, दादा. दहा!"

"ऐकलं होतं," थोरले म्हणाले, आणि पुढची गोळी भरली.