गुरवमामांचं ताट

“बाई, आज काय जेवल्या?”

शाळेतून येऊन कुलपाला किल्ली लावते न लावते तोच समोरच्या ओसरीवरून हा प्रश्न यायचा. पेडगावला बदली होऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो आला, तेव्हा मला रागच आला. याला काय करायचंय माझ्या जेवणाशी? “बिस्किटं खाल्ली चहात बुडवून,” मी तोडून टाकलं.

“बिस्किटं? ते काय जेवन हाय?” म्हातारा असा भडकला, जसं काही मी त्याचीच भाकर कुत्र्याला घातली होती.

हे गुरवमामा, माझे घरमालक. मारुतीच्या देवळाची पूजा जन्मभर त्यांच्याकडे. गावातल्या सणासुदीचा नैवेद्य देवाला दाखवला की ताट मामांच्या घरी. खाण्याचा भारी शौक. आणि नेमका त्याच माणसाला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. थुंकीसुद्धा गिळता येईना. पोटात नळी बसवलेली, तिच्यातून पेज सोडायची. मामी आधीच गेलेल्या, मुलगा पुण्याला. रेडिएशनचे शेक पुरे झाले की कदाचित घास उतरेल, असं नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते. त्या ‘कदाचित’वर मामा दिवस काढत होते. “बाई, एक डाव भाकर उतरू द्या. बाकी मला कायबी नको.”

मीही एकटीच. नवरा गेल्यापासून स्वतःपुरता गॅस पेटवायला जिवावर यायचं. उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचं, की झालं.

मामा आजारी पडले तरी गावानं ताट चुकवलं नाही. पोळ्याला शेजारची सून पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई घेऊन आली. माझं डोकंच फिरलं. “अगं, काळीज आहे का तुम्हाला?”

मामांनी मलाच गप्प केलं. “आनू द्या तिला. ताट यायचं बंद झालं की मी मेलो म्हना. बसा. तुमी जेवा, मी बघतो.”

“मला नाही जमायचं मामा.”

“मला जमंना बाई. तुमाला काय झालंय?”

मी बसले. मामांची नजर माझ्या गळ्यावर. माझा घास खाली गेला की त्यांचाही कंठ हलायचा. “लय घाई करायल्या. जरा दमानं गिळा की. आमटी कशी हाय?”

“तिखटजाळ!”

“पयल्यापास्नं तशीच करती ती,” म्हणून मामा हसले. मग पंच्यानं तोंडातलं पाणी पुसलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी ताट संपवलं. टाकायची छातीच झाली नाही.

त्यानंतर मी रांधायला लागले. संध्याकाळी जाब द्यावा लागायचा ना! अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकर. मामा खोदून खोदून विचारायचे आणि मला सांगताना पुन्हा भूक लागायची.

शेक पुरे झाले. घास काही उतरला नाही. संक्रांतीच्या आधी मामा गेले. मुलानं येऊन दिवस केले, दाराला कुलूप घातलं, आणि गेला. मी शाळेतून यायचे, किल्ली लावताना हात आपोआप थांबायचा. कुणी विचारत नव्हतं. ती संध्याकाळ अंगावर यायची. मी पुन्हा बिस्किटांवर आले.

होळीला दार वाजलं. तीच सून, हातात झाकलेलं ताट. “बाई, मामाचं ताट हाय.”

“अगं, मामा कुठायत आता?”

“जेवायच्या तर तुमीच न्हवं?” ती म्हणाली आणि ताट माझ्या हातात देऊन गेली.

मी ते मामांच्या ओसरीवर नेलं. त्यांच्या बंद दाराकडे तोंड करून बसले. पोळी मोडली, आमटीत बुडवली. “आजही तिखटच आहे हो मामा,” मोठ्यानं म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते काही आमटीनं नव्हे.

घास तोंडात घेतला. जरा थांबले. मग दमानं गिळला.

गिळता आला.