आईंच्या ‘नाही’चं भाषांतर

सासूबाई पुण्याहून जपानला, आमच्याकडे कावासाकीला आल्या त्या आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, किडनी द्यायला. बॅगेत मेतकूट आणि भाजणी, पोटात किडनी, कस्टमवाल्यांना एवढंच सांगायचं राहिलं, असं त्या हसत म्हणायच्या. तपासण्या पार पडल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली. त्यांचा व्हिसा संपायच्या आत सगळं उरकणार होतं.

मग त्यांना एकाएकी मुगिचा आवडायला लागला. हा कोन्बिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात, मिळणारा बार्लीचा थंड चहा. आधी त्याला त्या ‘करपलेलं पाणी’ म्हणायच्या, आता बाटलीमागून बाटली संपवत होत्या. मला वाटलं, रुळल्या बाई इथे. पण एका सकाळी त्या बाथरूममधून बाहेर आल्या तेव्हा चेहरा कसनुसा झालेला आणि अंग गरम. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लघवीला जळजळ झाली की बार्लीचं पाणी, हा आमच्या घरचा जुना इलाज.

“कुणाला बोलू नकोस,” त्या म्हणाल्या. “हातची तारीख जाईल. उतरेल दोन दिवसांत.”

सांगावं, तर तारीख गेली आणि कदाचित व्हिसाही. नवऱ्याचं डायलिसिस चालूच. न सांगावं, तर जंतू किडनीबरोबर त्याच्यात जायचे. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून त्याला जी औषधं देणार होते, ती प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच समजावलं होतं. आईंना साधं वाटणारं दुखणं त्याच्या जिवावर बेतू शकत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि हे सगळं माझ्या गळ्यात टाकल्याबद्दल मला आईंचा रागही आला होता.

शेवटच्या तपासणीला हॉस्पिटलनं टॅबलेटवर हिंदी दुभाषी दिली होती. आईंना ती नको होती. “माझी सून आहे की,” त्या म्हणाल्या.

ताप, जळजळ असं काही होतंय का, डॉक्टरांनी विचारलं. मी मराठीत विचारलं.

“नाही,” आई म्हणाल्या आणि माझ्याकडे रोखून बघत राहिल्या.

तोंड उघडेपर्यंत मी काय बोलणार ते माझं मलाच माहीत नव्हतं. मग बोलतच सुटले. जळजळ, ताप, मुगिचा, सगळं. एका ‘नाही’ला एवढं लांबलचक जपानी लागत नाही, हे कळायला जपानी यावं लागत नाही. आईंनी मान फिरवली.

डॉक्टर चिडले नाहीत. जंतू सापडले म्हणून किडनी बाद होत नाही, म्हणाले. आधी कोणते जंतू ते बघू, औषध देऊ, ते पूर्ण गेल्याची खात्री करू, मगच ऑपरेशन. व्हिसासाठी पत्रही देतो म्हणाले. तारीख मात्र गेली.

परतताना ट्रेनमध्ये आई म्हणाल्या, “मी आई आहे त्याची. माझ्यातलं काही त्याला बाधेल?”

पुढे कित्येक दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी नवऱ्याला वाचवलं होतं की आईंना तोडलं होतं, मला काही कळेना.

रिपोर्ट स्वच्छ आले, नवी तारीख मिळाली. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“विचार त्यांना. आता काही राहिलं नाही ना माझ्यात?”

“कालच विचारलं, आई.”

“परत विचार. मी राहू दे म्हटलं, तरी माझं ऐकू नकोस.”